‘घाट’ : एका शब्दाचा इतिहास आणि आपला हक्क



स्मरणिकेत इतिहासावरचा एखादा लेख असावा अशी आपल्याकडची रीत आहे. राजे-महाराजांचा आणि लढायांचा इतिहास आपण वाचतो, तो वाचलाच पाहिजे. पण आपल्या रोजच्या तोंडातल्या साध्या शब्दांतही इतिहास दडलेला असतो, आणि तो कुणी उकलून सांगत नाही. म्हणून यंदा मी एकच शब्द निवडला आहे. तो शब्द म्हणजे ‘घाट’.

आपण ठाणे-कल्याण-डोंबिवलीचे लोक हा शब्द दिवसातून किती वेळा वापरतो ते बघा. पावसाळ्यात कसारा घाटात दरड कोसळली की आपल्या गाड्या खोळंबतात. दुर्गाडीखाली गणेश घाट आहे. मुंबईला महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावरून धोबीघाट दिसतो. गावाकडची मंडळी ‘घाटावरची’ असतात आणि भांडण झालं की कुणीतरी कुणाला ‘घाटी’ म्हणतो. भांड्याचा घाट चांगला असतो, बाई घाटदार लुगडं नेसते, आणि ऐपत नसताना कुणी मोठ्या लग्नाचा ‘घाट घालतो’. ज्याला कुठेच थारा नाही तो ‘ना घर का ना घाट का’. दिल्लीला राजघाट आहे. काशीला तर घाटांची रांगच आहे.

एकाच शब्दाचे इतके अर्थ कसे झाले? आणि त्याचा आपल्याशी संबंध काय? संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे. हा शब्द आपल्या देशाच्या संविधानात मूलभूत हक्कांच्या प्रकरणात आलेला आहे. तिथपर्यंत तो कसा पोहोचला हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मुळात घाट म्हणजे काय?

प्रथम एक गोष्ट बाजूला काढू. भांड्याचा घाट, लग्नाचा घाट, जुन्या घाटणीचा माणूस, हे शब्द ‘घडणे-घडवणे’ या कुळातले आहेत. त्यांचा अर्थ आकार, बेत, रचना असा होतो. ते आपण इथेच सोडून देऊ.

आपला घाट संस्कृतातल्या ‘घट्ट’ या शब्दापासून आलेला आहे. घट्ट म्हणजे पाण्यात उतरण्याची, नावेत चढण्या-उतरण्याची जागा. पण त्याच शब्दाला दुसराही एक अर्थ होता, तो म्हणजे जकातीचा नाका. संस्कृतात एक म्हण आहे, ‘घट्टकुटीप्रभात न्याय’. घट्टकुटी म्हणजे जकात घेणाऱ्याची झोपडी. एक व्यापारी जकात चुकवावी म्हणून रात्रीच्या अंधारात आडवाटेने निघतो, रात्रभर भटकतो, आणि उजाडतं तेव्हा बघतो तर जकातीच्या झोपडीसमोरच उभा! जे टाळायला गेलो तेच पुढ्यात आलं, असा त्याचा अर्थ.

आता विचार करा, पाण्याची पायरी आणि डोंगराची वाट या दोन्हींना एकच नाव का पडलं? सपाट रस्ता जिथे तुटतो तिथे घाट लागतो. नदी आडवी आली की खाली उतरावं लागतं, डोंगर आडवा आला की वर चढावं लागतं. दोन्ही ठिकाणी माणूस थांबतो. बैलावरचं ओझं उतरतं, नावेतला माल खाली येतो, पायऱ्या-पायऱ्यांनी जावं लागतं. बाजूने निसटायला जागा नसते. आणि जिथे सगळ्यांना थांबणं भाग आहे, तिथे कुणीतरी येऊन बसतो आणि म्हणतो, ‘आधी पैसे ठेव’, किंवा म्हणतो, ‘तू इथून जायचं नाहीस’. घाटाचा सगळा इतिहास या दोन वाक्यांत आहे असं मला वाटतं. घाट ज्याच्या ताब्यात, त्याने ठरवायचं की कोण जाणार आणि कोण अडणार.

दोन घाटांच्या मधलं कल्याण

या शब्दाचे दोन्ही अर्थ जोडणारं गाव शोधायला आपल्याला लांब जायला नको. ते आपलं कल्याण.

कल्याण हे फार जुनं बंदर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली आहे. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. तीत ‘कलिएना’ असा कल्याणचा उल्लेख आहे. हे बंदर पूर्वी रीतसर व्यापाराचं होतं, पण आता तिथे अडथळा झाला आहे आणि इकडे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असं तो लिहितो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा कल्याणच्या पाण्यावर कुणाचा ताबा, यावरून झगडा चालू होता.

जहाजातून आलेला माल कल्याणला उतरायचा आणि मुरबाडच्या वाटेने सह्याद्रीच्या पायथ्याला जायचा. तिथून वर जुन्नरला चढणारी वाट म्हणजे नाणेघाट. कातळ फोडून केलेल्या या वाटेवर माथ्याला एक लेणं आहे. त्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला मोठा शिलालेख आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला तो मानला जातो. राजाने केलेल्या यज्ञांत किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण नाणी दक्षिणा दिली त्याचे आकडे त्यात कोरलेले आहेत. आणि वाटेवर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत, अशी परंपरेने सांगितलेली हकीकत आहे.

हे लेणं बघताना मनात येतं की यज्ञाच्या दक्षिणेचा आकडा दगडावर कोरला गेला, पण ज्या हमालांनी आणि बैलवाल्यांनी हा घाट पाठीवर ओझं घेऊन चढला, ज्यांच्या ओझ्यावर जकात बसली, त्यांचं नाव कुठेही नाही.

पुढे १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत आरमाराची जहाजं बांधण्याचं काम सुरू झालं. त्यानंतर आली आगगाडी. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि १ मे १८५४ ला ती कल्याणपर्यंत पोहोचली. कल्याणहून दोन फाटे फुटले, एक कसाऱ्याकडे थळ घाटात आणि एक कर्जतकडे बोर घाटात. बोर घाटाची लाइन १८६३ साली पुरी झाली आणि थळ घाटाची १८६५ साली. हजारो मजूर त्या कामावर राबत होते. पटकीच्या साथीत आणि सुरुंगांच्या अपघातात किती जीव गेले, त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. आजही या दोन घाटांत चढणीला गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात. त्या रुळांखाली आपल्याच पणज्या-खापरपणज्यांचा घाम आहे, हे गाडीत बसलेल्या मुलांना सांगितलं पाहिजे.

याच घाटावरून खाली उतरून आलेल्या कष्टकऱ्याला मुंबईने ‘घाटी’ हे नाव दिलं. सातारा, पुणे, नगर, कोल्हापूरकडचा माणूस, गिरणीत नाहीतर गोदीत नाहीतर डोक्यावर पाटी घेऊन काम करणारा. मुळात त्या शब्दात वाईट काही नव्हतं. घाटावरून आला तो घाटी, कोकणातून आला तो कोकणी. पण अंगमेहनत करणाऱ्याचं नाव शिवी म्हणून वापरण्याची आपल्या समाजाला सवय आहे. आम्ही गिरणीत हा शब्द दोन्ही तऱ्हांनी ऐकला, मायेनंही आणि तिरस्कारानंही. गंमत अशी की ज्यांना ‘घाटी’ म्हणून हिणवलं, त्यांच्यातल्याच काहींनी आपल्या लोकांना साचेखात्यात पाय ठेवू दिला नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, तो विटाळतो, असं कारण पुढे केलं जायचं, आणि आपल्या माणसांना कमी पगाराच्या त्रासनखात्यात राहावं लागायचं. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. म्हणजे डोंगराचा घाट उतरून आलो, तरी विटाळाचा घाट गिरणीच्या आत उभाच होता.

लेण्यांतले दाते : पाणी आणि वाट

घाट अडवण्याचा इतिहास जसा आहे तसा घाट मोकळा करण्याचाही आहे, आणि तोही आपल्याच भागात दगडावर कोरलेला आहे.

नाशिकला त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात, १० क्रमांकाच्या लेण्यात उषवदात याचा शिलालेख आहे. तो क्षत्रप राजा नहपान याचा जावई. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. भिक्खूंसाठी लेणं दिलं हे त्यात आहेच, ब्राह्मणांना दिलेली दानंही आहेत. पण मला त्यातला महत्त्वाचा भाग वेगळाच वाटतो. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर आपण फुकट तर चालवली, म्हणजे पैसे न घेता नावेने पैलतीरी नेण्याची सोय केली, असं तो सांगतो. शिवाय या नद्यांच्या दोन्ही काठांवर बसायला निवारा आणि पाणपोई केली. यातली दाहनुका म्हणजे आपली डहाणूची नदी. डहाणू १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. घट्टकुटीची झोपडी एका बाजूला आणि ही फुकट नाव दुसऱ्या बाजूला ठेवून बघा. घाटावर बसून माणूस अडवताही येतो आणि उतरवून देताही येतो.

ही झाली राजाच्या जावयाची गोष्ट. साध्या माणसाचीही आहे. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत कल्याणच्या लोकांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. कल्याणच्या एका सोनाराने तिथे पाण्याचं टाकं दिलं. त्या काळच्या प्राकृतात टाक्याला ‘पोढी’ म्हणत. आणि कल्याणच्याच एका लोहाराने वाट करून दिली. एकाने पाणी दिलं, दुसऱ्याने वाट दिली. घाट या शब्दाचे दोन अर्थ मी वर सांगितले, ते दोन्ही या दोन कारागिरांच्या दानात आहेत. नाणेघाटात हमालाचं नाव कोरलं गेलं नाही, पण कान्हेरीत सोनार आणि लोहार यांची नावं त्यांच्या धंद्यासकट कोरली गेली. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पालीमध्ये घाटाला ‘तित्थ’ म्हणतात. तेच संस्कृतातलं तीर्थ. मूळ अर्थ साधा, नदी उतरण्याची जागा, उतार. महापरिनिब्बान सुत्तात असं आलं आहे की भगवान बुद्ध पाटलिगामहून निघाले आणि ज्या उतारावरून गंगा ओलांडून गेले, त्या जागेला मगधाच्या मंत्र्यांनी ‘गोतमतित्थ’ हे नाव दिलं. म्हणजे गौतमाचा घाट. पुढे तीर्थ या शब्दाला पवित्र पाणी, पाप धुण्याची जागा असा अर्थ चिकटला.

या पाप धुण्याला पहिला सवाल कुणी केला? थेरीगाथेत पुण्णा नावाच्या थेरीची हकीकत आहे. ती पूर्वी दासी होती, पाणी भरणारी. मालकिणीच्या माराच्या भीतीने कडाक्याच्या थंडीत तिला नदीत उतरावं लागे. तिथे एक ब्राह्मण काकडत अंघोळ करताना तिला दिसला. तिने विचारलं की मला तर धाक आहे म्हणून मी पाण्यात उतरते, तुम्हाला कसली भीती? तो म्हणाला, पाप धुतोय. तेव्हा तिने सांगितलं की पाण्याने पाप धुतलं जात असेल तर बेडूक, कासवं, मगरी सगळी स्वर्गात जातील, आणि नदी पाप वाहून नेत असेल तर तुमचं पुण्यही वाहून नेईल. घाटावर उभं राहून, डोक्यावर घागर घेऊन, एका दासीने केलेला हा युक्तिवाद आहे. आपल्या मायबहिणींनी तो जरूर वाचावा.

पाणवठ्याची पायरी

पुढच्या काळात वाईला रास्त्यांनी, मेणवलीला नाना फडणवीसांनी, महेश्वरला अहिल्याबाई होळकरांनी मोठमोठे दगडी घाट बांधले. काम देखणं आहे, ते बघायला आजही लोक जातात. पण देखण्या दगडाबरोबर त्यावर कोण उतरत असे हेही विचारलं पाहिजे. गावोगाव रीत अशी होती की पाणी वरून खाली वाहतं म्हणून वरचा पाणवठा वरच्या जातींचा आणि सगळ्यात खालचा, जिथे सगळ्यांचं धुणं-पाणी वाहून येतं, तो आपल्या लोकांचा. विहीर असली तर पायरीला शिवायचं नाही. घागर खाली ठेवून कुणी वाढेल तेव्हा घ्यायचं. आपल्या आज्या-पणज्यांचे तासन् तास या वाट बघण्यात गेले आहेत. ‘आपली पायरी ओळखून वागावं’ हे वाक्य आपण सहज बोलतो. त्यातली पायरी ही खरोखरच दगडाची पायरी होती.

ही रीत मोडायला हात घातला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८६८ साली पुण्यात त्यांनी स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यानंतर ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी खर्चाने किंवा सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याप्रमाणे आपलं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. पण कागदावर ठराव झाला म्हणून घागर भरत नाही.

महाडही कल्याणसारखंच गाव आहे. सावित्रीच्या खाडीतून माल यायचा आणि वरंध घाटाने वर चढायचा. म्हणजे तेही दोन घाटांच्या मधलं. तिथे १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली. २० तारखेला हजारो लोक रांगेने चवदार तळ्यावर गेले. बाबासाहेब पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. मागून बाकीचे उतरले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर लाठ्या-काठ्यांनी हल्ले झाले. शेणा-गोमूत्राच्या पंचगव्याचे १०८ घडे ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. त्याच पाण्यात गुरं उतरत होती, इतर धर्माचे लोक पाणी नेत होते, तेव्हा शुद्धीची गरज कुणाला पडली नव्हती. पुण्णा थेरीचा बेडूक-कासवाचा सवाल इथे आठवावा.

पुढची गोष्ट आपल्या ठाणेकरांनी विशेष लक्षात ठेवावी. तळं आमच्या खाजगी मालकीचं आहे, अस्पृश्यांना तिथे न येऊ देण्याची आमची अनादि काळापासूनची वहिवाट आहे, असा दावा महाडच्या काही लोकांनी १९२७ सालीच कोर्टात लावला. तात्पुरता मनाई हुकूमही मिळवला. म्हणून २५ डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, पण तळ्यावर पुन्हा जाणं बाबासाहेबांनी कोर्टाचा मान राखून पुढे ढकललं. १९३१ साली महाडच्या कोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. त्यावरचं अपील चाललं ते ठाण्याच्या कोर्टात, आणि ठाण्याच्या कोर्टाने १९३३ साली तोच निकाल कायम केला. मग ते हायकोर्टात गेलं. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने अपील फेटाळलं. तळं नगरपालिकेचं आहे आणि अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही, असा निकाल झाला. ओंजळभर पाणी प्यायल्यापासून शेवटच्या निकालापर्यंत १० वर्षं गेली. कोर्ट नाक्यावरून जाताना आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे की चवदार तळ्याच्या लढ्यातला एक टप्पा आपल्या ठाण्यात लढला गेला?

दरम्यान २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मिरवणूक देवळापाशी गेली तर दरवाजे बंद. तेव्हा लोक तिथून गोदावरीच्या घाटावर आले आणि तिथेच मोठी सभा झाली. देवळाला दार असतं, ते बंद करता येतं. घाटाला दार नसतं. तिथे माणूस अडवायचा तर दुसऱ्या माणसालाच आडवं उभं राहावं लागतं.

संविधानातला घाट

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला तिथे येतो. २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं. त्याच्या कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात सांगितलं आहे की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणाही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, करमणुकीच्या जागा यांत जाण्यास मज्जाव करता येणार नाही. आणि पुढे यादी आहे : विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि लोकांच्या वापराच्या जागा. अट एवढीच की त्या पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून राखलेल्या असाव्यात किंवा सर्वांच्या वापरासाठी दिलेल्या असाव्यात.

इंग्रजी प्रत काढून बघा. तिथे बाकीचे शब्द इंग्रजी आहेत, पण ‘घाट’ हा आपला शब्द जसाच्या तसा ठेवला आहे. त्याला इंग्रजीत नेमका शब्द नव्हता हे खरंच, पण त्याहून मोठं कारण असं की इथला माणूस जिथे अडवला गेला त्या जागेचं नावच लिहावं लागलं. नुसतं ‘सार्वजनिक जागा’ म्हणून भागलं नसतं, विहीर, तलाव, घाट, रस्ता अशी एकेक जागा मोजून नोंदवली गेली. रस्ता आणि घाट, वाट आणि पाणी. कल्याणच्या लोहाराचं आणि सोनाराचं दान आता देशाच्या कायद्यात हक्क म्हणून आलं.

त्यामागून १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला. १९७६ पासून त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. त्यातल्या कलम ४ मध्ये नदी, ओढा, झरा, विहीर, तलाव, टाकी, नळ, स्नानाचा घाट, दफनभूमी आणि स्मशान ही नावं आहेत. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, त्यातही घाट पुन्हा नावानिशी आला. तरीही कायद्यानंतर २० वर्षांनी, १९७० च्या दशकात, डॉ. बाबा आढाव यांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम गावोगाव न्यावी लागली, हेही विसरता कामा नये.

आजचे घाट

आपल्या खाडीकाठी उतरण्याच्या जागेला जुनं नाव घाट नव्हे. इथे आगरी-कोळी बांधवांच्या बोलीत बंदर, धक्का हे शब्द आहेत. मुंब्र्याचं रेतीबंदर, डोंबिवलीच्या मोठागावचं रेतीबंदर ही नावं अजून चालू आहेत. विसर्जन घाट हे नाव अलीकडचं. ठाण्याला १९८२ आणि कल्याणला १९८३ साली महानगरपालिका झाली. पुढे खाडीकाठी सिमेंटच्या पायऱ्या, दिवे, कठडे झाले आणि त्या जागेला घाट म्हणू लागले. तिथे गणपती येतात, छठपूजेला उत्तर भारतातली मंडळी येतात, दहाव्याचे विधी होतात, संध्याकाळी म्हातारी माणसं वाऱ्याला बसतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे घाट कुणा एका उत्सवाचे नाहीत. ते आपल्या सगळ्यांच्या घरपट्टी-पाणीपट्टीतून झालेले आहेत, म्हणून कलम १५ प्रमाणे ते सर्वांचे आहेत. आपली मुलं तिथे अभ्यासाला, खेळायला, सभेला बसली तर ती कुणाच्या मेहरबानीने बसत नाहीत. आणि तसंच दुसऱ्या कुणालाही आपण तिथून उठवायचं नाही. ज्यांना घाटावरून हाकललं गेलं त्यांनी दुसऱ्याला हाकलू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. घाटाचा हक्क मिळाला पण घाटाखालचं पाणी तोंडात घेण्यासारखं राहिलं नाही, तर तो हक्क अर्धा. वालधुनी नदीत सांडपाणी आणि रसायनं सोडली जातात, तिची अवस्था काठावर राहणाऱ्यांना सांगायला नको. आणि नदीकाठच्या, नाल्याकाठच्या वस्त्या कुणाच्या आहेत तेही सांगायला नको. ज्या उल्हास नदीचं पाणी कल्याण-डोंबिवलीच्या नळांना येतं, तिच्यातही घाण मिसळते. पूर्वी जात बघून खालचा पाणवठा द्यायचे, आता गरिबी बघून देतात. महाडला पाणी ‘शुद्ध’ करायला १०८ घडे ओतणारे होते. खरोखर घाण झालेलं पाणी शुद्ध करायला मात्र कुणी पुढे येत नाही. तेव्हा वॉर्डसभेत, अर्जात, मोर्चात पाण्याचा प्रश्न आपणच धरून ठेवला पाहिजे. हे काम चवदार तळ्याच्या पुढचं काम आहे.

शेवटी एक सूचना. विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त आपण सहल काढतो. येत्या वेळी मुलांना घेऊन कान्हेरीला जाऊ. लेणी बघून, फोटो काढून परत न येता तिथली कातळातली पाण्याची टाकी दाखवू, पायऱ्या दाखवू, आणि सांगू की कल्याणच्या एका सोनाराने इथे पाणी दिलं आणि एका लोहाराने वाट दिली. त्यांनी कोण पिणार, कोण चालणार याची यादी दगडावर कोरली नाही. मग घरी आल्यावर त्याच मुलांकडून संविधानाचं कलम १५ मोठ्याने वाचून घेऊ. ‘घाट’ हा शब्द आला की थांबू, आणि तो तिथे का आहे ते त्यांनाच विचारू.

जयभीम! नमो बुद्धाय!